भरपाईला मर्यादा नाही

नंदकिशोरच्या गाडीचा विमा भक्कम होता. दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं तर भरपाईला मर्यादाच नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं. त्यामुळे एदोगावा या जपानी शहरभागातल्या एका बोळात सायकलवालीला चुकवताना त्याची गाडी मात्सुई आजींच्या तोफूच्या दुकानात घुसली, तेव्हा कुणाला लागलं नाही हे पाहून तो बराचसा सावरला. सोयाबीन दळायचं जुनाट यंत्र मात्र पार चेपलं होतं.

विमा कंपनीने फोनवर लगेच बजावलं, परस्पर कसलाही शब्द देऊ नका. पण समोर म्हातारं माणूस थरथरत उभं असताना गप्प राहायचं वळण आपल्याकडे कुणाला असतं?

"आजी, अजिबात काळजी करू नका. सगळं भरून मिळेल. नवं कोरं यंत्र येईल," तो म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी वर पेढेही देऊन आला.

तिथल्याच हिगाशी-कसाई वस्तीतल्या मराठी बायका तोफू पनीरसारखा वापरतात, हे त्याच्या बायकोने, विभाने, आजींना सांगितलं होतं. तेव्हापासून आजी त्यांच्यासाठी मुद्दाम घट्ट दाबलेला तोफू करायच्या. ते दुकान पुन्हा कधी उघडतंय, याचा नंदकिशोरला घोर लागला.

महिन्याभराने कंपनीच्या ओनो-सानने सांगितलं, की भरपाई मिळते ती वस्तूच्या आजच्या किमतीची. इतक्या जुन्या यंत्राला आज किंमत जवळजवळ नाहीच.

"अहो, पण मर्यादा नाही ना?"

"मर्यादा नाहीच. पण कायद्याने जेवढं देणं लागतं, तेवढंच आम्ही देतो."

नंदकिशोरने आर्जवं केली, आवाज चढवून पाहिला. ओनो-सान दर वेळी तितक्याच अदबीने माफी मागत राहिला. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

शेवटी तो आणि विभा आजींकडे गेले. नव्या यंत्राची किंमत ऐकून त्याचे डोळे पांढरे झाले होते. तो चाचरत म्हणाला, "आपण एखादं वापरलेलं यंत्र शोधू या का?"

"होतं ना," आजी म्हणाल्या. "चिबा शहरात माझ्या भावाने त्याचं तोफूचं दुकान बंद केलं. त्याचं यंत्र तो मला फुकट देत होता."

"मग?"

"तुम्ही म्हणालात नवं येतंय, म्हणून मी नको म्हटलं. गेल्या आठवड्यात ते भंगारात गेलं."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं नंदकिशोरला झालं. विभाने मान खाली घातली. आजींनी त्याच्यापुढे चहा ठेवला आणि अगदी विश्वासाने विचारलं,

"तुम्हाला विम्यातलं कळतं. सांगा, आता मी काय करू?"