हरणाऱ्याने फोन करायचा

हा नियम आईने घातला होता, आणि आईला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं.

घरातली वीसेक भावंडं, सख्खी, चुलत, मावस, मामे, सगळी मिळून फोनवर एक खेळ खेळायची. खरे खेळाडू निवडून आपापला लुटुपुटूचा संघ बांधायचा. त्या खेळाडूंनी शनिवार-रविवारी खऱ्या मैदानावर जे दिवे लावले असतील त्याचे गुण आपल्याला. ज्याला कॅप्टन केलं त्याचे दुप्पट. दर आठवड्याला दोघादोघांच्या जोड्या लागायच्या आणि ज्याचे गुण जास्त, तो जिंकला. हरलेल्याला बाकीचे ग्रुपवर यथेच्छ धुवायचे आणि विषय संपायचा.

आईने ते एकदा पाहिलं. म्हणाली, "एवढं एकमेकांना टोचून खाता, पण आवाज तरी ऐकता का रे कुणी कुणाचा? हरेल त्याने फोन करायचा. तोंडाने सांगायचं, हरलो म्हणून. टाइप केलेलं चालणार नाही."

लीग चालवणाऱ्या चुलतभावाला सगळे सेक्रेटरी म्हणत. त्याने लगेच तो नियम करून टाकला. तेव्हापासून सोमवारी फोन वाजायचे. 'हरलो' म्हणायला लागायचा एक क्षण, पण त्यानंतर सबबी यायच्या, आणि सबबींच्या मागून कुणाचं गुडघ्याचं दुखणं, कुणाची सुटलेली नोकरी, कुणाकडची गोड बातमी.

हंगाम नुकता सुरू झाला होता तेव्हा आई गेली. नियम राहिला. आणि आता हंगाम संपत आला असताना, आईच्या मुलीची जोडी तिच्या सख्ख्या भावाशी, दादाशी लागली होती.

ती शहराच्या पाणी शुद्धीकरण केंद्रातल्या प्रयोगशाळेत होती. नळाला येणारं पाणी पिण्याजोगं आहे की नाही, हे रोज सांगायचं तिचं काम. सही करायच्या आधी आकडा पुन्हा एकदा तपासायची तिची सवय घरातही सुटली नव्हती. नवरा म्हणायचा, "हिला 'किती वाजले' विचारलं तर आधी घड्याळ बरोबर आहे का ते बघते."

आई अतिदक्षता विभागात होती त्या दुपारी डॉक्टरांनी तिलाच बाहेर बोलावलं. श्वासासाठी मशीन लावायची का, असं विचारलं. दादा दुसऱ्या शहरातून निघाला होता, वाटेत होता. तिने सगळे रिपोर्ट वाचले, डॉक्टरांना दोन प्रश्न विचारले, उत्तरं ऐकली आणि 'नको' म्हणाली. दादा धापा टाकत वॉर्डात शिरला तेव्हा नर्स सलाईनची नळी गुंडाळत होती.

"माझी वाट बघायला काय झालं होतं तुला?" तो सगळ्यांदेखत म्हणाला. "लावली असती मशीन तर मला भेटली असती ना ती."

"मशीनने श्वास राहिला असता, दादा. आई नाही."

हे बरोबर होतं. कुठल्याही डॉक्टरने हेच सांगितलं असतं. दादाने तिच्याकडे पाहिलं, तोंड फिरवलं आणि त्यानंतर तो तिच्याशी बोलला नाही. पुढचे काही दिवस दोघं आईच्या घरात वावरली. तिने त्याच्यासमोर चहा ठेवला, त्याने प्यायला. मग तो आपल्या गावी निघून गेला.

पण त्याचा संघ लीगमध्ये होता. 'दादागिरी' हे त्याचं नाव, त्यानेच ठेवलेलं. दर सोमवारी ती आधी तो उघडून बघायची. दादाचा कॅप्टन होता एक दांडगा स्ट्रायकर, ज्याला घरात सगळे 'पहिलवान' म्हणत. हंगामाच्या सुरुवातीला आईने फोनवर त्याचा फोटो बघून म्हटलं होतं, "याला घे रे. खाऊनपिऊन सुखी दिसतो." दादाने हसत हसत त्याला घेतला, वर कॅप्टन केला. पुढे पहिलवानाचा पाय दुखावला. मग तो आपला क्लब सोडून भलत्याच देशात खेळायला गेला. त्याच्या नावापुढे लाल खूण आली, गुणांच्या जागी दर आठवड्याला शून्य. दादाने त्याला काढलं नाही. एकालाही काढलं नाही. आई असताना जो संघ होता, तोच तसाच्या तसा.

तिला ते कळत होतं, असं तिला वाटायचं. दादा तो संघ जपून ठेवतोय. हरतोय, पण आईने निवडलेल्याला हात लावत नाही. बोलत नसला तरी दोघं दर सोमवारी एकाच गोष्टीकडे बघतो आहोत, एवढं तिला पुरायचं.

"जिंकशील तू डोळे मिटून," नवरा म्हणाला. "त्याच्या टीममध्ये अर्धे लंगडे आणि उरलेले परागंदा."

"मला हरायचंय."

नवऱ्याने हातातला कांदा आणि सुरी दोन्ही खाली ठेवली.

"हरले तर मला फोन करता येईल," ती म्हणाली.

"अगं, मग कर की! फोन तोच, बोटं तीच. हरायचं कशाला?"

"काय म्हणू?"

"हॅलो म्हण."

"आणि मग?"

त्याने सुरी उचलली. तो पुन्हा कांदा चिरायला लागला. थोड्या वेळाने म्हणाला, "जिंकलीस तर तो करेल ना फोन. नियम आहे तुमच्या खानदानाचा."

"जिंकून त्याला फोन करायला लावायचं म्हणजे पुन्हा मीच बरोबर." ती म्हणाली. "ते नकोय."

पण मेलेल्या संघाकडून हरणं हे सोपं काम नव्हतं. दादाच्या अकरा जणांपैकी चार-पाच तेवढे मैदानात उतरायची शक्यता होती. त्यांच्याहून कमी गुण मिळवायचे तर आपला संघ मुळापासून बिघडवायला हवा, आणि तोही असा की मुद्दाम बिघडवलाय हे दादाला दिसता कामा नये. तिने सगळं वर्ष निगुतीने जमवलेले खेळाडू एकेक करून विकले. बदलीत घेतले ते फॉर्म हरवलेले, बाकावर बसून राहणारे, बंदी येऊ घातलेले. गोलकीपर म्हणून एक असा घेतला की ज्याने अख्ख्या हंगामात हातमोजे फक्त सरावासाठी घातले होते. कॅप्टन केलं नुकत्याच दुखण्यातून उठलेल्या एका मिडफिल्डरला. प्रयोगशाळेत डब्यातली पोळी भाजी खाताना तिने हे केलं, आणि सवयीने दोनदा तपासलं.

शनिवारी संघ सगळ्यांना दिसायला लागले आणि ग्रुपवर कल्ला झाला.

"ताईचा फोन चोरीला गेलाय," एका मामेभावाने लिहिलं. "चोराला फुटबॉल कळत नाही."

"हा गोलकीपर जिवंत आहे का?"

"ताई, ताप आहे का अंगात?" हे सेक्रेटरीचं.

दादाने काही लिहिलं नाही. तो ग्रुपवर लिहायचाच नाही हल्ली.

शनिवारी सगळं ठरल्याप्रमाणे झालं. तिचे खेळाडू बाकावर बसून च्युइंगगम चघळत राहिले. कॅप्टन पंधरा मिनिटं धावला आणि मांडी धरून बाहेर आला. दादाच्या एका बचावपटूने कसा कोण जाणे गोल केला. संध्याकाळी ती सात गुणांनी मागे होती, आणि कित्येक महिन्यांनी ती स्वयंपाक करताना गुणगुणली. नवऱ्याने ते ऐकलं आणि टीव्हीचा आवाज कमी केला.

रविवारी दुपारी शेवटचा सामना होता. तिचा एकच खेळाडू त्यात होता, तोही बाकावरचा, सरावाचे हातमोजे घालणारा. अर्ध्या तासात त्याच्या संघाच्या मुख्य गोलकीपरने धावत पुढे येऊन समोरच्याला आडवं केलं. पंचांनी लाल कार्ड दाखवलं.

"ए, नाही," ती टीव्हीला म्हणाली.

हा गडी जांभई देत उठला असावा. आत आला, आणि आल्या आल्या समोर पेनल्टी. त्याने ती अडवली. मग जणू वर्षभराची झोप झाली असावी असा तो इकडून तिकडे उड्या मारत राहिला, आणि संपेपर्यंत एकही गोल आत जाऊ दिला नाही. नवरा हसून हसून सोफ्यावरून घसरला. "खरी नशीबवान आहेस गं! हरताही येत नाही तुला!" मग त्याने तिचा चेहरा पाहिला आणि टीव्ही बंद केला.

ती दोन गुणांनी जिंकली होती.

संध्याकाळी सेक्रेटरीचा फोन आला. "ताई, मानलं तुला. उद्या दादाला..." आणि तो अडखळला.

"उद्या दादा फोन करेल," ती म्हणाली. "नियम आहे ना."

"हो. म्हणजे... त्याला मी सूट दिलीये तशी."

"कसली सूट?"

"अगं, दादाने ते ॲप केव्हाच काढून टाकलंय. काकू गेल्या त्याच आठवड्यात. मला म्हणाला, माझं नाव काढ. मीच म्हटलं, मधेच काढलं तर सगळ्यांच्या जोड्या बिघडतील, राहू दे नुसतं. त्याच्याशी गाठ पडली की फुकटचा विजय. सगळ्यांना माहीत आहे." मग हळूच, "तुला माहीत नव्हतं?"

तिच्यासमोर दादाचं नाव कुणी काढायचं नाही, हे सगळ्यांनी न ठरवता पाळलं होतं. त्यामुळे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

फोन ठेवल्यावर तिला प्रयोगशाळा आठवली. केंद्रातलं गढूळपणा मोजणारं यंत्र रोज अगदी तोच आकडा दाखवायला लागलं, तर पाणी स्थिर आहे असं कुणी शहाणा समजत नाही. यंत्र अडकलंय हे समजतात. हे ती नव्या मुलींना पहिल्याच दिवशी शिकवायची. आणि तीच सहा-सात महिने एक अडकलेला आकडा वाचून त्यातून भावाचं मन काढत बसली होती.

सोमवारी ती टाकीवरून नमुन्याच्या बाटल्या घेऊन आली आणि फोन वाजला. दादा.

बाटल्या तिने ओट्यावर ठेवल्या. एक आडवी झाली, ती तिने सरळ केली आणि मग फोन घेतला.

"हरलो," तो म्हणाला. "सेक्रेटरीने सांगितलं करायला. काल तासभर डोकं खाल्लंन माझं."

"हं."

"बरं. झालं सांगून."

"दादा," ती घाईने म्हणाली, "मी हरायला बघत होते."

"का?"

"फोन करता यावा म्हणून."

पलीकडे रहदारीचा आवाज येत होता. तो कुठेतरी रस्त्याच्या कडेला उभा असावा.

"हरायला बघत होतीस आणि जिंकलीस," तो म्हणाला. "तुलाच जमायचं हे." आवाजात हसू होतं का, तिला ठरवता आलं नाही. पण त्याने फोन ठेवला नाही. ती त्याचा श्वास ऐकत उभी राहिली.

"एक विचारू?" तो म्हणाला. पहिल्यांदाच त्याचा आवाज त्याचा वाटला, लहानपणी तिला सायकलवर डबलसीट नेणाऱ्या दादाचा. "शेवटी... ती काही म्हणाली का गं? माझ्याबद्दल? मी येतोय का, पोचलो का, असं काही?"

"नाही," ती म्हणाली. "सकाळपासूनच ती शुद्धीत नव्हती. बोलणं शक्यच नव्हतं."

वाक्य तोंडातून बाहेर पडलं तेव्हा ते खरं होतं, पूर्ण होतं, आणि त्यात तपासण्यासारखं काही नव्हतं.

"बरं," दादा म्हणाला.

"दादा, ऐक ना. म्हणजे तिला आतून कळत असेल, कुणी सांगावं, कदाचित..."

"नाही गं. तू सांगितलंस ना. तू बरोबरच सांगणार." तो थांबला. "पुढच्या हंगामात माझं नाव खरंच काढायला सांग सेक्रेटरीला. चल, ठेवतो."

फोन बंद झाला.

एवढी मेहनत करून तिने पाय दुखावलेला कॅप्टन निवडला होता, झोपाळू गोलकीपर निवडला होता. आणि हरायची वेळ आली तेव्हा तिला एक शब्द चुकीचा बोलता आला नाही. 'विचारत होती, दादा निघाला का म्हणून.' एवढंच तर बोलायचं होतं.

तिने त्याला उलट फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. या वेळी दोन घंटा झाल्या आणि पलीकडून तो कापला गेला.

शेजारच्या टेबलावरच्या मुलीने विचारलं, "मॅडम, सकाळचे नमुने लावू का?"

"लाव," ती म्हणाली. "थांब. कुठल्या बाटलीत कुठलं, ते मी बघते." आणि ती ओट्याशी जाऊन बाटल्यांवरची लेबलं एकेक करून वाचायला लागली. पहिलंच तिने तीनदा वाचलं, आणि तरी त्यावर काय लिहिलंय ते तिला लागेना.