पाठमोरा

रिव्हेटचं डोकं वाटाण्याएवढंसुद्धा नव्हतं. त्याच्याभोवती गंजाची तांबूस कडी धरली होती आणि सकाळपासून सोडलेलं तेल त्या कडीवरच डबकं करून बसलं होतं – आत मुरायचं नाव घेत नव्हतं. तिनं पकडीनं झडपेचं टोक धरलं, दात आवळले, हिसका दिला. झडप ढिम्म. पकड मात्र निसटली आणि तिच्याच बोटाचं सालटं निघालं.

बाबांची कोळशावर भाजायची शेगडी अंगणात जुन्या चादरीवर पालथी पडली होती. तिन्ही पाय काढून बाजूला ठेवलेले, चाकं रॉकेलच्या डब्यात, घुमटासारखं झाकण भिंतीला टेकलेलं. आणि हे मोठं, गोल, काळं पोट आभाळाकडे केलेलं. पोटाच्या तळाशी हवेच्या तीन झडपा. दोन सुटल्या होत्या. तिसरी... या तिसरीपायी अख्खा रविवार चालला होता. हार्डवेअरवाला म्हणाला होता, “ताई, तेल सोडा आणि विसरून जा.” विसरायचं औषध काही त्याच्याकडे मिळत नव्हतं.

खरं म्हणजे आखडलेलं सोडवणं हाच तिचा पेशा. आठवडाभर ती लोकांचे धरलेले खांदे, बसलेले गुडघे सोडवत असे, आणि दिवसभर तिचं एकच पालुपद – जोर नाही करायचा, दुखेल तिथपर्यंत जायचं, थांबायचं, श्वास घ्यायचा, मग आणखी थोडं. पेशंट कुरकुरायचे, रडायचे, एखादा शिव्यासुद्धा द्यायचा, तरी हिचा आवाज कधी चढायचा नाही. आणि इथे, या पत्र्याच्या चकतीपुढे, तिला वाटत होतं की उचलावी ही शेगडीची परात आणि घालावी कुणाच्या तरी डोक्यात. भावाच्याच. आईला इकडे आणताना तिचं जुनं घर आवरलं, तेव्हा तोच म्हणाला होता, “ते धूड भंगारात दे.” तेव्हा ती त्याच्यावर अशी काही खेकसली की तो बिचारा दिवसभर तिच्याशी बोलताना ‘तुम्ही’ म्हणायचाच काय तो बाकी राहिला.

पण त्याला काय कळणार... त्याला बाबा मुळी जवळ येऊच द्यायचे नाहीत. “लांब हो, भाजशील!” आणि तिला मात्र –

तिनं झाकण ओढून मांडीवर घेतलं. आतून काळे पापुद्रे सुटत होते. आधी तिला वाटलं, रंगाचे पोपडे. खरवडायला लागल्यावर कळलं की हा रंग नव्हेच, हा धूर. वर्षानुवर्षांचा धूर आणि ओशट वाफ, थरावर थर बसून घट्ट झालेली. म्हणजे इतके रविवार इथे आतल्या आत चिकटून होते आणि ती ते ब्लेडनं काढून चादरीवर पाडत होती. यातला एक तिला लख्ख आठवायचा. त्या दिवशी घरात कसली तरी शांतता होती. आईला बरं नव्हतं, ती आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून निजली होती, भावाला आत्याकडे पाठवलेलं. बाबांनी कोळसे पेटवले, बटाटे ठेवले. आणि पहिल्यांदाच म्हणाले, “दे बघू हात.” लाकडी मुठीवर तिचा हात, त्यावर त्यांचा, आणि दोघांनी मिळून झाकण उचललं. धुराचा लोट अंगावर आला. ते खोकले, ती खोकली, दोघांच्या डोळ्यांतून पाणी – आणि मग ती खदाखदा हसत सुटली होती. पुढे आयुष्यात कधी कुणी डावललं, कुठे कमी पडलं, की ती हळूच तो रविवार काढून बघायची. मला दिलं होतं. भावाला नाही. मला.

“बेबी, चहा गार झाला गं.” आतून आईची हाक.

पन्नाशी उलटली तरी बेबी. “आले!” ती ओरडली आणि उठली नाही. पुन्हा एकदा हाक आली, पुन्हा “आले”. तिनं छिन्नी रिव्हेटच्या कडेला लावली. जोर नाही करायचा, नाही करायचा... आणि हातोडी घातली. एक बारीक, काचेसारखा आवाज. झडप तशीच. तिच्या शेजारी काळ्या चकचकीत मुलाम्याचा चांगला बोटभर टवका उडाला होता आणि खालचा राखी पत्रा उघडा पडला होता. हे आता भरून येणारं नव्हतं. रंग फासता आला असता. पण रंग म्हणजे रंग.

ती त्या टवक्याकडे बघत बसली. दारात काठी वाजली.

“किती हाका मारायच्या?” आई म्हणाली.

“आई, दिसतंय ना, हात गुंतलेत माझे.”

“ह्यांचेही गुंतलेलेच असायचे.”

“म्हणजे?”

“काही नाही. चालू दे तुझं.”

“नाही, बोल ना. ही शेगडी आणल्यापासून तुझं तोंड वाकडं आहे. त्यांची एक वस्तू मी नीट करतेय, तर तुला एवढं काय त्याचं?”

आईनं काठी भिंतीला लावली आणि पायरीवर बसली – बसताना गुडघ्याला हात, एक बारीकसं ‘आई गं’. मग चादरीवरचा एक पापुद्रा उचलून तिनं बोटांत चुरडला.

“घरात काही बोलायची वेळ आली ना, की ह्यांचे कोळसे पेटायचे. माझे वडील गेले, कोळसे. तुझा भाऊ नापास झाला, कोळसे. मी आत आणि हे बाहेर. त्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून मी जन्मभर ह्यांची पाठ बघितली.”

“पण आम्हाला किती आवडायचं ते!”

“आवडायचंच. पोरं होतात तुम्ही.” आणि मग, भाजी महाग झाल्याचं सांगावं तशा आवाजात, “तुझ्या पाठीवरचं बाळ गेलं, तेव्हाही पेटवले. मला दवाखान्यातून आणलं, उशी सारखी केली, नि गेले बाहेर. दुपारभर खिडकीतून धूर येत होता. मला वाटायचं, आत्ता येतील... आत्ता येतील. तुझं हसणं तेवढं ऐकू यायचं.”

बाळाचं तिला माहीत होतं. म्हणजे मावशीनं की कुणीतरी कधीतरी सांगितलेलं, एखाद्या गावाचं नाव माहीत असावं तसं. पण ते असं एखाद्या वारी घडलेलं असेल, त्याला एक दुपार असेल, आणि त्या दुपारी बटाटे –

“मला माहीत नव्हतं, आई.”

“तुला कुठून माहीत असणार? एवढीशी तर होतीस. तुला कोण बोल लावतंय?” आई काठी धरून उठली. “दुसरा टाकते चहा. ये आत.”

ती गेली. ही बसून राहिली, आणि राग आधी आईचाच आला – की एवढी वर्षं गप्प राहिलीस तर आता आणखी थोडी राहायला काय झालं होतं? माझ्याकडे एक रविवार होता, तोही... मग बाबांचा आला. असा कधी आला नव्हता. ते गेले तेव्हा ‘सोडून गेले’ म्हणून जो येतो, तसला नव्हे. मान म्हणून दिलंत का मला ते झाकण? की एकट्यानं उभं राहवत नव्हतं? की डोळ्यांतलं पाणी धुराचंच आहे हे दाखवायला शेजारी आणखी कुणाचे तरी डोळे हवे होते? आत जायचं सोडून! दहा पावलांवर आई पडली होती, दहा पावलांवर! – आणि हे विचारायचं कुणाला? पालथ्या परातीला? तिनं हातोडी भिरकावली. ती गवतात पडली, आवाजसुद्धा झाला नाही.

आत स्वयंपाकघरात येऊन तिनं मोरीत हात धुतले. काळं निघेना, साबणाचा फेस राखी होऊन वाहत राहिला. समोर खिडकी. खिडकीतून अंगण, चादर, ते उताणं पोट. तिनं बाबांना तिथे उभं करून पाहिलं. सदरा आठवला, बाह्या वर सारलेल्या, मानेवरचा घाम, डावा खांदा किंचित उतरलेला – तो इतका उतरलेला होता हे तिच्या कधी लक्षात आलं नव्हतं. पण चेहरा येईना. काल-परवापर्यंत तो सहज यायचा, धुरातून वळलेला. आता कितीही बोलावलं तरी ते पाठमोरेच येत होते. तिनं डोळे मिटले, उघडले. वळा ना, एकदा तरी.

मागे, टेबलाशी, आईनं कप बशीत ठेवल्याचा आवाज झाला. नळ वाहत होता. हात कधीच धुऊन झाले होते – निदान जेवढे निघायचे तेवढे – आणि आपण अजून खिडकीकडेच तोंड करून उभ्या आहोत, हे तिला कळत होतं. आपली पाठ आईला कशी दिसत असेल, हेही. वळायचं होतं. वळल्यावर पहिला शब्द कोणता, ते काही केल्या ठरत नव्हतं.