मनगटावरचा डाग

"उंची चोपन्न इंच, रुंदी छत्तीस," खंडोजीने फीत धरून सांगितले. शालिग्रामने लिहून घेतले. १९४९ साल होते. संस्थाने विलीन झाली होती, देवासच्या या सरदारवाड्यात सरकारी कचेरी येणार होती, आणि भिंतींवरच्या तसबिरींची यादी करायचे काम शालिग्राम कारकुनाकडे आले होते.

वर्णनाच्या रकान्यात त्याने लिहिले: आईसाहेब, तैलचित्र. जांभळा शालू, मोत्यांची नथ, दोन्ही हात मांडीवर.

"और ये कलाई पर क्या है?" त्याचे साहेब उमाशंकरजी चष्मा सावरत पुढे वाकले. उजव्या मनगटावर रुपयाएवढा फिकट, गुळगुळीत डाग होता.

"भाजल्याचा हाय, साहेब." खंडोजी वाड्यातला जुना हुजऱ्या. "आईसाब पडद्यातल्या. परक्या पेंटरसमोर कशा बसनार? तोंड फोटूवरून काढलं. शालू नेसवून बसवली दासीला. हात तिचे."

"अच्छा, मुँह मालकिन का, हाथ नौकरानी के." साहेब हसले. "कौन थी?"

खंडोजीने शालिग्रामकडे पाहिले आणि तो फीत गुंडाळू लागला.

आईसाहेबांच्या आंघोळीचा तापलेला बंब, घाईत त्याला टेकलेला हात, हे शालिग्रामला लहानपणापासून पाठ होते. कचेरीत मात्र, वडील वाड्यात कारकून होते, एवढेच त्याने सांगितले होते.

"मालूम नहीं, साहब."

"तो खराबी में लिख दो. पेंटर बुलाकर ठीक करवा लेंगे."

'दोष' या रकान्यात त्याने लिहिले: उजव्या मनगटावर डाग. अक्षर नेहमीसारखेच वळणदार आले.

संध्याकाळी यमुनाबाईने ताट मांडले. "आज तसबिरी झाल्या म्हणे. माझे हात आले का रे यादीत?"

"आले, आई."

"तो पेंटर भला माणूस. मी म्हटलं, डाग झाकू का? तर म्हणाला, राहू द्या बाई, आहे तसाच काढतो. आणि तू काय लिहिलंस?"

त्याने भाकरीचा तुकडा मोडला. "हात सुबक आहेत, असं लिहिलं."

"चल, काहीतरीच."

चारचौघांत काय, घरातही ती तो हात पदराखाली ठेवी. आज तिने पदर मागे सारला आणि त्याच हाताने त्याला आमटी वाढली.

शालिग्रामने मान वर केली नाही.