पहिल्या दगडाची पाळी

आमच्या गावात पाणी घड्याळावर नाही, सावलीवर मिळतं. मशिदीजवळ लोखंडी खांब रोवलाय आणि भोवती प्रत्येक घराचा एकेक दगड. खांबाची सावली ज्याच्या दगडाला टेकेल, त्याच्या खजुरांकडे पाटाचं पाणी वळवायचं. या पाळ्या झहरानकाका सांभाळतात, चाळीस वर्षं.

मस्कतहून आलेल्या मुंधिर साहेबांना हा गावठीपणा वाटला. पाण्याचं नियोजन करायला म्हणून त्यांनी खांबाच्या पूर्वेला चार मजली कार्यालय बांधलं. नियोजन कसलं डोंबलाचं! त्या दिवसापासून दुपारपर्यंत खांबावर ऊनच पडेना. सावली नाही, म्हणून सकाळच्या पाळ्या नाहीत. भावाभावांत डोकी फुटली. मी तक्रार घेऊन गेलो, तर साहेब म्हणतात, "हे बघा, सावली आमच्या खात्यात येत नाही. आम्ही फक्त पाणी बघतो."

मग एक दिवस साहेबच जिना उतरून खाली आले. कार्यालयापुढच्या गुलाबांनी माना टाकल्या होत्या.

"काका, आमच्या बागेला थोडं पाणी द्या की. सरकारी बाग आहे."

"देतो ना, साहेब!" काकांनी त्यांच्या हातात कॉफी दिली आणि पश्चिमेकडचा दगड दाखवला. "सकाळची पहिली पाळी तुमची. सावली या दगडाला टेकली, की लगेच पाट सोडतो."

साहेब खूश झाले. आता रोज सकाळी ते त्या दगडापाशी खुर्ची टाकून वाट बघत बसतात, आपल्याच कार्यालयाच्या गार सावलीत.