हात हलवत आलेला काका

पगार झाला की धाकटा दोन कामे करी. आधी आरशासमोर उभा राहून स्वतःचे केस स्वतः कापी आणि मग डब्या मांडी.

पन्नाशी उलटली तरी घरच्यांत त्याचे नाव धाकटा हेच होते, कारण त्याच्या वर एक दादा होता. दातांच्या कवळ्या तयार करणाऱ्या एका लहानशा कारखान्यात तो कारागीर होता. तिथे त्याला मास्तर म्हणत. बायको जाऊन बरीच वर्षे झाली होती. एकुलती एक मुलगी लग्न होऊन दूर गेली होती, ती रविवारी फोन करी. "बाबा, सगळं ठीक ना?" असे विचारी, आणि सगळे ठीकच असे.

डब्या कारखान्यातल्याच होत्या. गिऱ्हाईकाला कवळी ज्या प्लॅस्टिकच्या डबीत घालून देतात, त्यातल्या झाकणाला चरा गेलेल्या डब्या फेकून देत. तो त्या घरी आणी. एकीवर लिहिले होते भाडे, एकीवर वीज, एकीवर किराणा, आणि सगळ्यांत मोठ्या डबीवर बँक. पगाराचे पैसे तो या डब्यांत वाटून टाकी. आणखी एक डबी होती, तिच्यावर त्याने हौसेने 'माणसे' असे लिहिले होते. मित्राबरोबरचा चहा, कुणाच्या घरी जाताना न्यायची फळे, आजाऱ्याला भेटायला जायचे बसभाडे, हे सगळे त्या डबीतून निघे. खर्च कमी करायची वेळ आली तेव्हा त्याने एकेका डबीकडे पाहिले. भाडे कमी होईना. विजेत थोडे वाचले, कारण त्याने फ्रिज बंद करून त्यात पुस्तके ठेवली. किराण्यातून दूध गेले, लोणी गेले. तरीही कर्जाचा हप्ता भागेना, तेव्हा 'माणसे' ही डबी रिकामी झाली. तिच्या पोटातले 'बँक' डबीत गेले. कुणाला काही कळलेही नाही. माणसांना न भेटण्यासाठी काहीच करावे लागत नाही; नुसते घरी बसले की झाले.

कर्ज व्यसनाचे नव्हते, चैनीचेही नव्हते. त्या घराण्यात लग्नात मिळालेली पाकिटे जेवणाआधी माईकवर वाचून दाखवत. कोणी किती दिले ते सगळ्या हॉलला ऐकू जाई, आणि लोक ते आकडे जन्मभर लक्षात ठेवत. ज्याने दिले त्याच्या घरी कार्य निघाले की परतफेड करायची, आणि ती थोडी चढती करायची. तेवढीच केली तर "मोजून परत केलं" म्हणत. धाकट्याच्या मुलीच्या लग्नात पुष्कळ आकडे वाचले गेले. सगळ्यांत मोठा आकडा दादाचा होता. टाळ्या पडल्या. ते पैसे दुसऱ्याच दिवशी हॉलच्या आणि जेवणाच्या बिलात गेले. पुढे देणाऱ्यांच्या घरी एकामागून एक लग्ने निघत गेली आणि धाकट्याने बँकेचा उंबरठा ओलांडला. या चालीत कुणी खलनायक नव्हता. म्हणून तर तिच्याविरुद्ध तोंड उघडणे इतके अवघड होते. प्रत्येक जण देतानाही हसत होता आणि घेतानाही.

त्या दिवशी तो कारखान्यात पोचला तेव्हा पॉलिश करणाऱ्या बाई मशीन चालू करत होत्या. त्यांनी त्याच्या मानेकडे पाहिले.

"मास्तर, न्हावी बदला हो. मागून उंदरानं कुरतडल्यासारखं दिसतंय."

"जुना न्हावी आहे. सोडवत नाही."

"आणि चहा? आज माझी पाळी आहे, घ्या की."

"नको. ॲसिडिटी."

"तुमची ॲसिडिटी मोठी इमानदार आहे. कुणाचीही पाळी असू दे, येते म्हणजे येतेच."

सगळे हसले. धाकटाही हसला. आज बाईंचा चहा घेतला तर उद्या त्याची पाळी येणार होती, हे तो सांगू शकत नव्हता. इतरांचे कप वाजू लागले तशी त्याने साच्यातल्या मेणावर मान खाली घातली.

तेवढ्यात फोनवर वहिनींचा निरोप आला. दादाच्या मुलीचे लग्न ठरले होते. "भावजी, तुम्ही सख्खे काका. तुमचं नाव पहिलं वाचायचं ठरलंय हं," असे त्यांनी आवर्जून सांगितले होते.

जेवणाच्या सुटीत तो बँकेत गेला. कर्ज विभागातल्या बाई त्याला पाहून खुलल्या.

"या, या! तुमचा हप्ता कधी चुकत नाही. असे ग्राहक कुठे मिळतात?"

"आणखी थोडं हवं होतं."

"तुम्हाला नाही म्हणणार का? जुनं आणि नवं एकत्र करून टाकू. हप्ता थोडाच वाढेल, वर्षं तेवढी वाढतील."

पोट मारून वेळेवर हप्ते भरल्याचे हे बक्षीस होते. त्याने कागद घेतले, पण सही करताना पेन उचलवेना. आणखी कुठली डबी रिकामी करायची, हेच त्याला सुचत नव्हते. "घरी वाचून आणतो," असे म्हणून त्याने कागद खिशात ठेवले.

चारपाच दिवसांनी, संध्याकाळी सगळे घरी जायला निघाले असताना, कारखान्याच्या दारात दादा उभा राहिला. दोघांची भेट होऊन किती दिवस झाले होते, हे दोघांनाही धड आठवले नसते. दादा वाळला होता. कॉलर गळ्याभोवती सैल झाली होती. तोंडावर रुमाल धरून तो म्हणाला, "धाकट्या, जरा कवळी बघतोस? परवा मोडली. सफरचंद खाताना. फोटोत हसायला तरी हवं ना."

ही कवळी धाकट्यानेच केली होती. त्याने ती हातात घेऊन दिव्याखाली धरली. वरची कवळी टाळूच्या मधोमध उभी तडकली होती. तड्यावर बाजारातल्या गोंदाचा एक थर होता, त्यावर दुसरा, त्यावर आणखी एक. सगळ्यांत खालचा पिवळा पडला होता.

"दादा, ही परवा मोडलेली नाही. वर्ष तरी झालं असेल. आणि हिनं सफरचंद? तू पावसुद्धा बुडवून खात असशील."

"तू दातवाला आहेस की पोलीस?"

दात काढल्यामुळे दादाचे गाल आत गेले होते. तो एकदम वडिलांसारखा दिसत होता, शेवटच्या दिवसांतल्या.

"माझ्याकडे का नाही आलास? मी काय पैसे घेतले असते?"

"म्हणूनच नाही आलो." दादा स्टुलावर टेकला. "तू घेतले नसतेस. मग तुझ्या घरी काहीतरी घेऊन यावं लागलं असतं. हात हलवत कसं येणार?"

धाकट्याने तड्यावरचा गोंद खरवडला, दोन्ही कडा घासल्या. गुलाबी पूड आणि उग्र वासाचे द्रावण कालवताना त्याने पाठमोऱ्यानेच विचारले, "काय चाललंय तुझं?"

दादाने रुमाल पुन्हा तोंडावर धरला. दात नसताना बोलायची त्याला लाज वाटत असावी. पण दात नसतानाच तो बोलून गेला.

"तुझ्या मुलीच्या लग्नात दिलं ना मी, ते कर्ज काढून दिलं होतं. अजून फिटलं नाही. त्यावर आता हे लग्न."

"कशाला दिलंस मग?"

"आधीच्या एका लग्नात तुझ्या मेहुण्याचा आकडा ऐकला होतास ना माईकवर? सख्ख्या काकानं त्याच्याहून कमी द्यायचं?"

धाकट्याने हात पुसले, खिशातले कागद काढून भावासमोर धरले. दादाने चष्मा लावून ते वाचले.

"म्हणजे तू कर्ज काढून मला देणार."

"आणि तू ते तुझ्या कर्जात भरणार."

"आणि बँक?"

"बँक दोघांकडून व्याज घेणार."

आधी दादाला हसू फुटले. बोळक्या तोंडाने, खांदे हलवत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत तो हसला. धाकटाही हसला. इतकी वर्षे दोघे आपापल्या घरात एकाच गोष्टीपायी एकएकटे बसून होते.

हसणे ओसरल्यावर धाकट्याने कागद फाडले.

"मी येईन, दादा. आदल्या दिवसापासून येईन. खुर्च्या मांडीन, वाढीन, सांगशील ते करीन. पाकीट देणार नाही."

"थट्टा करतोस?"

"नाही."

दादाने इकडेतिकडे पाहिले आणि आवाज खाली आणला. "बरं, ऐक. मला खरंच काही नको. पाकिटात कोरा कागद घाल. आकडा मी सांगतो, माझा मेहुणा वाचेल. कुणाला कळणार आहे? तुझी अब्रू राहील, माझीही राहील, आणि पैसाही जाणार नाही."

किती सोपे होते! धाकट्याचे मन क्षणभर त्या कोऱ्या कागदावर बसलेही. नवे कर्ज नाही, बोलणी नाहीत, आणि दादा पुन्हा असाच येऊन स्टुलावर बसेल. मग त्याला आपल्याच मुलीच्या लग्नातला दादाचा आकडा आठवला. आठवल्या त्या टाळ्या.

"कागद कोरा असला तरी आकडा ऐकू जाईल ना, दादा? तो ऐकून कुणीतरी घरी जाऊन हिशेब करेल की आपल्याला याच्यावर चढवायचंय. माझ्या खोट्या पाकिटापायी तो खरं कर्ज काढेल. तू काढलंस तसं."

"दुनियेचा ठेका तू घेतलायस?"

"नाही. पण हे मी करणार नाही."

कवळी तयार झाली होती. दादाने ती तोंडात बसवली, आणि दात बसताच त्याचा चेहरा पुन्हा मोठ्या भावाचा झाला. "मग येऊ नकोस," तो स्पष्ट शब्दांत म्हणाला आणि निघून गेला.

त्यानंतरचे दिवस धाकट्याला फार जड गेले. कारखान्यातून घर, घरातून कारखाना. आपले चुकले असे त्याला रोज सकाळी वाटे आणि नाही चुकले असे रोज संध्याकाळी वाटे. मुलीने रविवारी विचारले, "काकांकडे काय देणार आहात, बाबा?" तेव्हा तो म्हणाला, "बघू." ज्या एका माणसाशी याबद्दल बोलता आले असते, त्यानेच येऊ नकोस म्हटले होते. तरी लग्नाच्या दिवशी त्याने ठेवणीतला सदरा काढला. इस्त्रीची वीज त्या महिन्यात जास्तीची गेली.

हॉलच्या दाराशी वहिनी स्वागताला उभ्या होत्या. त्यांची नजर आधी त्याच्या हातांकडे गेली, मग चेहऱ्याकडे. "या भावजी," असे त्या म्हणाल्या आणि लगेच त्याच्या मागच्या माणसाकडे वळल्या. दादाने त्याला दुरून पाहिले आणि पाहिले नाही असे दाखवले. धाकटा मागच्या रांगेत जाऊन बसला.

जेवणाआधी वहिनींच्या भावाने माईक हातात घेतला. त्याला या कामाची हौस होती, आणि आवाजही तसाच होता. "आता पहिलं नाव, नवरीचे सख्खे काका! काका, कुठे लपलात? पाकीट आमच्यापर्यंत आलं नाही अजून!"

लोक हसून मागे वळले. धाकटा उभा राहिला.

"काका आलाय," तो म्हणाला. "एवढंच."

आणखी थोडा हशा झाला. वहिनींच्या भावाने माणुसकीने बाजू सावरली. "काका मागाहून पाठवणार आहेत बरं का! आकडा मोठा असणार!"

आता खाली बसले असते तरी चालले असते. सगळे सुरळीत पुढे गेले असते.

"नाही," धाकटा म्हणाला. आवाज बारीक होता, पण हॉल तेवढ्यात शांत झाल्यामुळे तो शेवटपर्यंत गेला. "मागाहूनही नाही. माझ्यावर कर्ज आहे. पाकिटांच्या परतफेडीचंच आहे. ते फिटेस्तोवर मी कुणाला पाकीट देणार नाही. आणि पुढे कधी कुणाचं घेणारही नाही."

कुणीतरी खोकले. पुढच्या रांगेतला एक जण बायकोच्या कानात काहीतरी बोलला. वहिनींनी मान फिरवली. वहिनींच्या भावाने घसा साफ करून पुढचे नाव घेतले आणि आकडा वाचला. टाळ्या नेहमीपेक्षा थोड्या उशिरा पडल्या. धाकट्याच्या शेजारच्या दोन खुर्च्या रिकाम्या झाल्या. त्यापलीकडे एक वयस्क बाई बसल्या होत्या. तो त्यांना ओळखत नव्हता. मांडीवरचे पाकीट त्या उलटसुलट करत होत्या. मग आजूबाजूला पाहत त्यांनी ते हळूच पर्समध्ये परत ठेवले आणि पर्सची चेन लावली.

न जेवताच तो बाहेर पडला. फाटकापर्यंत पोचला तोच मागून धापा टाकत दादा आला.

"माझं नाक कापलंस तू! सगळ्यांदेखत!"

"हो."

"आता वर्षभर कुणाशी बोलायची सोय ठेवली नाहीस मला!"

"मग माझ्याशी बोल."

दादाने हात उगारल्यासारखा केला, आणि तो तसाच खाली आणला. आतून वहिनींच्या भावाचा आवाज येत होता, नवरीच्या बाबांना कुणीतरी बोलवा म्हणून. दादाने त्या बाजूला वळून पाहिले, पण तो हलला नाही. फाटकाच्या गजाला धरून खाली बघत राहिला.

"किती राहिलंय तुझं?" त्याने विचारले.

धाकट्याने सांगितले. मग दादाने आपले सांगितले. आत माईकवर एकामागून एक आकडे घोषित होत होते, आणि फाटकाशी दोन भाऊ हळू आवाजात दुसरेच आकडे एकमेकांना सांगत होते.