सवतीसारखं गाव

"तितं घरांना नंबर न्हाईत, नावं हायती!" नाथाजी पारावर रंगात आला होता. "वढ्यावरचा दगडी पूल चारशे वर्सांचा. अजून त्यावरनं गाड्या जात्यात."

"आन् मेंढरं?" केरबा धनगराने विचारलं.

"माणसांपरीस लय. छपरं काळ्या फरशीची. फरशीची खाण बंद पडली, तरणी माणसं गेली. हायती ती म्हातारी. त्यांची बोलीबी विंग्रजी न्हाई गड्या, न्यारीच."

घागर घेऊन निघालेली अंबूबाई थबकली. नवरा लढाईवरून येऊन पंधरा दिवस झाले होते. आधी इटलीत कैदी, मग सुटका झाल्यावर चार महिने वेल्स नावाच्या मुलखातल्या त्या गावात, एका म्हातारीकडे. सहा वर्षं घराबाहेर होता. पण तोंडी त्या चार महिन्यांचंच कौतुक. सवत असती तर झिंज्या तरी उपटता आल्या असत्या. गावाचं काय करायचं?

दुपारी भाकरी वाढताना ती म्हणाली, "आपल्या आळीतली हीर बघितली का?"

"कंची हीर?"

"तुमी गेल्यावर खांदलीया. पंधरा दिस तिचंच पानी पिताय."

नाथाजी हसला. "म्हातारीबी अशीच टोचून बोलायची. तिचा ल्योक खाणीत दबून मेल्याला. दर ऐतवारी मी तिच्यासंगं जाऊन त्येच्या थडग्याचा दगुड धुवायचो."

त्या परक्या, मेलेल्या पोराचाही अंबूबाईला हेवा वाटला.

"आन् आपली अंजना?" तिचा आवाज चढला. "तुमी गेल्यावर झाली, दोन वर्सांची हून गेली. पत्र पोचलं व्हतं न्हवं?"

"पोचलं."

"मग कुटं पुरलीया, ते इचारलं का कवा?"

नाथाजीने हातातला घास ताटात ठेवला. "तिचं तोंडबी बघितलं न्हाई मी. कंच्या तोंडानं इचारू? तितल्या त्या दगडावरचं नाव मला वाचता येत न्हवतं. धुताना मी अंजनाच म्हनायचो."

अंबूबाईने ताट बाजूला सारलं. "चला."

ओढ्याकाठी करंजाखाली ती थांबली. "हितंच कुटंतरी. खुणंचा दगुड पुरात गेला."

त्याने पायताण काढलं आणि तो तिथेच मातीत बसला.

"केस कसं व्हतं तिचं?"

"तुमच्यावाणी. राठ," ती म्हणाली आणि हातभर अंतर सोडून त्याच्या शेजारी बसली.