रिकाम्या काडतुसाचे वजन

मित्रांनो, मी एक जुना दांडीचा तराजू आहे. सोने-चांदी तोलणारा नव्हे. माझ्या पारड्यात जन्मभर पडली ती बंदुकीची दारू, आणि तीही सोनाराच्या गुंजा-दोन गुंजांच्या हिशोबाने. पापणीचा एक केस पडला तरी मला कळतो. ही बढाई नाही. ज्या घरात मी चाळीस वर्षे काढली त्या घराला हे अजून नीट कळलेले नाही, म्हणून तुम्हाला सांगतो आहे.

माझे बूड ओतीव लोखंडाचे आहे. दांडीच्या पोटाला सुरीसारखे पाते आहे आणि ते अकीक दगडाच्या खाचेत टेकते. या घरची लेक लोर्ना; तिच्या वडिलांनी मला विकत घेतले तेव्हा माझा हिरवा रंग नवाकोरा होता. अमेरिकेतल्या एरी सरोवराच्या काठचे आमचे गाव. इथले नेमबाज दर बुधवारी पिस्तूल क्लबात जमतात आणि कागदाच्या काळ्या वर्तुळावर नेम धरतात. या मंडळींना दुकानातली काडतुसे मानवत नाहीत. त्यांना हलका आणि अगदी एकसारखा बार लागतो. म्हणून उडवलेल्या पितळी पुंगळ्या ते जमिनीवरून वेचून आणतात आणि घरी पुन्हा भरतात. बुडाला ठिणगी पाडणारी नवी टोपी, आत मोजकी दारू, वर शिशाची गोळी.

म्हातारबुवा तळघरात खिडकी लावून माझ्यासमोर बसत. दारू घातलेली प्रत्येक पुंगळी दिव्याखाली धरून आत बघत, मगच वर गोळी बसवत. "हा तराजू खोटं बोलत नाही," असे ते येईल-जाईल त्याला सांगत. ते गेले आणि मी जावयाच्या, म्हणजे एमिलच्या, हाती आलो.

एमिल माणूस वाईट नाही. तीस वर्षे लेथवर काढली त्याने, हात पक्का आहे. पण डोके! माझ्यापासून वीतभर अंतरावर तो पंखा लावायचा आणि "काटा हलतोय" म्हणून माझ्यावरच चिडायचा. माझ्या पारड्यात त्याने एकदा बिस्किट ठेवले. मग त्याने बॅटरीवरचा तराजू आणला आणि मला रंगाच्या डब्यांशेजारी फळीवर बसवले, डोक्यावर बायकोची आंघोळीची टोपी घालून. धूळ बसू नये म्हणून! मित्रांनो, अपमानाचेही प्रकार असतात.

पुढे काडतुसे भरायचे, फिरत्या ताटाचे मोठे यंत्र आले. दांडा एकदा ओढला की ताटावरच्या चार पुंगळ्यांची चार कामे एकदम होतात आणि एक तयार काडतूस डब्यात पडते. एकच नियम. मध्ये काही अडले तर ताटावरचे सगळे काढून टाकायचे आणि नव्याने सुरुवात करायची.

ही गोष्ट सप्टेंबरातल्या एका शनिवारची आहे. दुसऱ्या दिवशी लोर्नाची अंतिम फेरी होती. गेल्या वर्षी क्लबाचा चषक तिच्या हातून एका गुणाने गेला होता. नेमबाज ती; काडतुसे भरायचे काम एमिलचे. सकाळपासून तो दोनशे काडतुसे भरत होता आणि शेजारचा डेलबर्ट स्टुलावर बसून त्याचे डोके खात होता. निघता निघता डेलबर्ट म्हणाला, "एक विचारू का रे? मघाशी ती पुंगळी तिरकी झाली तेव्हा तू ताट हातानं पुढं सरकवलंस. दांडा न ओढता. असं चालतं?"

एमिलचा चेहरा पांढरा पडला. "मी? हातानं?"

"मी आपलं विचारलं. मला यातलं काय कळतंय!" असे म्हणून डेलबर्ट गवत कापायला निघून गेला.

दांडा ओढलाच नाही, म्हणजे एक पुंगळी दारूविना पुढे गेली. असे काडतूस उडवले की टोपीच्या ठिणगीने गोळी नळीत शिरते आणि मध्येच अडकते. जलद फेरीत दहा सेकंदांत पाच गोळ्या झाडायच्या असतात आणि कानांवर जाड झाकणे असतात. नेमबाजाला वाटते, पिस्तूल नेहमीसारखे अडले. सवयीने तो पिस्तुलाचा वरचा सरकता भाग मागे ओढतो आणि पुढची गोळी झाडतो. अडकलेल्या गोळीवर दुसरी आदळते, आणि नळी हातात फुटते.

शहाण्याने काय केले असते? दोनशेच्या दोनशे काडतुसे फोडली असती. एमिलने बॅटरीवरचा तराजू बाजूला सारला आणि मला फळीवरून खाली काढले.

आंघोळीची टोपी उपटली, फुंकर मारली (फुंकर! माझ्या दांडीवर!) आणि भरलेली काडतुसे एकेक करून तोलायला लागला. "जे हलकं भरेल ते रिकामं," स्वतःशीच म्हणाला. मी जीव तोडून खरे तेच सांगत होतो. पण पुंगळ्या वेचून आणलेल्या, दहा कारखान्यांच्या. कुणाचे पितळ जाड, कुणाचे पातळ. त्या फरकात चिमूटभर दारू कुठे दिसणार? हे मला कळत होते. सांगायला तोंड नव्हते. दुपारपर्यंत एमिलने अकरा हलकी काडतुसे काढून टाकली. चाळीस सर्वांत जड वेगळ्या डब्यात ठेवली आणि डब्यावर ऐटीत लिहिले, 'जलद फेरी'.

लोर्ना हलुश्कीची, म्हणजे कोबी-नूडल्सची, बशी घेऊन खाली आली. "कोबी गार होतोय. आणि हे काय मांडलंयस?"

"काही नाही गं. वजनं करतोय."

"भरलेल्या काडतुसांची?" तिने बशी खाली ठेवली. "एमिल, इकडं बघ. काय केलंस?"

त्याने सांगितले. मग घाईघाईने म्हणाला, "पण आता काळजी नाही. हलकी काढली ना मी. आणि ही चाळीस बघ कशी भरभक्कम आहेत, ही खास तुझ्यासाठी!"

लोर्नाने बादलीतून दोन रिकाम्या पुंगळ्या उचलल्या, दोन वेगळ्या शिक्क्यांच्या. "ह्या तोल."

त्याने तोलल्या.

"किती फरक पडला? आता एका बाराची दारू तोल."

दारू त्या फरकापेक्षा कमी भरली.

एमिल माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तराजूच बिघडलाय."

मित्रांनो, त्या क्षणी मला हातपाय असते तर!

"तराजू धड आहे," लोर्ना म्हणाली. "बाबा त्याला दारूचं वजन विचारायचे. तू त्याला पुंगळीच्या पोटातलं विचारतोयस. आण ती हातोडी."

"अगं, दोनशे आहेत!"

"आणि माझी बोटं दहा आहेत."

ती हातोडी पोकळ डोक्याची असते. काडतूस तिच्यात अडकवायचे आणि ओंडक्यावर आपटायचे. दोन-तीन ठोक्यांत गोळी सुटते, मागोमाग दारू पडते. एमिलने आधी त्याची अकरा हलकी घेतली. अकराही भरलेली निघाली. मग दोघे आलटून पालटून ठोकत बसली. मध्ये डेलबर्ट खिडकीतून ओरडला, "काय रे, नवीन खोली बांधताय का?"

जड काडतुसांचा डबा शेवटी उघडला. त्यातले सतरावे एमिलने आपटले. गोळी टक्कन पडली. त्याने हातोडी उलटी केली, झटकली, बोटाने ठोकून पाहिली. आणखी काहीच पडले नाही.

त्याने ती पुंगळी आणि गोळी मिळून माझ्या पारड्यात ठेवली. दारूशिवायही ती इतर बहुतेकांपेक्षा जड होती. दुपारीही मी हेच सांगितले होते.

"सापडलं," तो म्हणाला. "जलद फेरीच्या डब्यात होतं, लोर्ना. मीच ठेवलं होतं."

लोर्नाने पुढचे काडतूस हातोडीत अडकवले. "तेवीस राहिलीत."

"आता कशाला? एकच गेलं होतं."

"दांडा ओढला नाही हे तरी तुला कुठं ठाऊक होतं?"

त्याने तिच्या हातातून हातोडी घेतली.

नव्याने भरायला दोघांच्याही हातांत जीव उरला नव्हता. रविवारी लोर्ना दुकानातली काडतुसे घेऊन गेली. पिस्तूल चारदा अडकले आणि तिचा पाचवा क्रमांक आला. चषक कुणा भलत्याच बाईने नेला. घरी येऊन ती एमिलला तासभर बोलली आणि बोलता बोलता दोन्ही हातांनी भराभर बटाटे सोलत होती. एमिल मान खाली घालून ते हात बघत होता.

मित्रांनो, मला पुसा, वाऱ्यापासून जपा, माझ्या पारड्यात खाऊ ठेवू नका, एवढे तर मी मागणारच. पण कळकळीचे मागणे वेगळे आहे. ज्या यंत्राला, ज्या तराजूला जे कळत नाही, ते त्याच्याकडून वदवून घेऊ नका. तुम्हाला हवे ते उत्तर मिळेल आणि तुम्ही निर्धास्त व्हाल. मी फक्त वजन सांगतो. आत काय आहे ते उघडून बघायला डोळे तुम्हाला दिले आहेत, मला नाहीत.